भिंतीसाठी राबलेल्यांचे आभार

मागच्या अंगणातली माती अडवणारी लाकडी भिंत कुजून पुढे झुकली होती. तिच्या जागी दगडी भिंत उभी करायला आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं नकोत म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

ओंडके काढण्याआधी वरचा उतार मागे कापून घ्या, असं बजावणाऱ्या काकांचे विशेष आभार. अशी भिंत बरेचदा मागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने कलते, हेही त्यांनीच समजावलं. म्हणून पाठीशी खडी, तळाला भोकांचा पाईप आणि खडीत माती शिरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाईल कापड. पहिला थर पाणसळीत बसेपर्यंत कुणी जागचं हललं नाही, आणि चिडचिड मात्र भरपूर!

गुपचूप ढकलगाडी ठेवून गेलेल्यांनो, ती धुऊन ठेवली आहे. घेऊन जा.