पर्जन्यमापक सड्यावर न्या : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
मदत व पुनर्वसन विभाग, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या मोरणा खोऱ्यात भातशेती करतो. मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. शासन पाऊस मोजतं महसुली हद्दींप्रमाणे आणि पाऊस पडतो डोंगराच्या उंचीप्रमाणे. या दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि त्याचा भुर्दंड उतारावरच्या वाड्यांना पडतो.

आमचाच जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे येईतो त्याचा तिसरा हिस्सा उरतो. पसरणी घाट उतरून वाईत आलात की आठशेच्या आत. आणखी पूर्वेला दहिवडीकडे पाचशेच्या आसपास, तेही वर्ष बरं असलं तर. कारण शाळेतल्या भूगोलात शिकवतात तेच. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीच्या भिंतीला थडकून वर चढतं, थंड होतं, सारं पाणी माथ्यावर आणि माथ्यालगतच्या खोऱ्यांत ओतून टाकतं. पलीकडे उतरताना ते गरम आणि कोरडं होतं. हा फरक जिल्ह्याजिल्ह्यांतला असता तर मी पत्र लिहिलं नसतं. तो एकाच तालुक्यात आहे, कधी कधी एकाच गावाच्या वरच्या आणि खालच्या वाडीत आहे. आमच्या तालुक्यात नवजाला मोसमात पाच हजार मिलिमीटर ओलांडले तर कुणी मान वळवून बघत नाही. मल्हारपेठेच्या बाजूला त्याच्या जवळपासही पाऊस होत नाही. मग ‘पाटण तालुक्यात सरासरीच्या अमुक टक्के पाऊस’ या वाक्यातून नेमकं कुणाला काय कळतं?

आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की आधी तीन नावं बघतात : कोयना, नवजा, महाबळेश्वर. कोयना धरणात पाणी किती येणार हे या तीन आकड्यांवरून कळतं, म्हणून ते रोज न चुकता छापून येतात. धरणासाठी माथ्यावरचा पाऊस मोजायची ही सोय झाली ती उत्तमच. माणसांसाठी तशी झाली नाही.

22 जुलै 2021 च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या. घाटाच्या पलीकडे महाड तालुक्यात तळीये दरडीखाली गेलं, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्याआधी 2014 मध्ये माळीण, नंतर 2023 मध्ये इरशाळवाडी. यांतल्या बऱ्याच ठिकाणांची रचना बघा. वर सडा म्हणजे सपाट कातळी पठार, त्याखाली तीव्र उतार, उतारावर मातीचा आणि दगडगोट्यांचा थर, त्यावर घरं. सड्यावरच्या भेगांतून पाणी आत मुरतं, खालच्या कठीण कातळावर अडतं आणि मधला थर फुगून सुटतो. एका तासाच्या सरीपेक्षा तीन-चार दिवस धरून राहिलेला पाऊस इथे जास्त घातक. झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होतं, नवीन ठिकाणी उमाळे फुटतात, घराच्या दाराची चौकट आवळून दार लागेनासं होतं. म्हाताऱ्या माणसांना या खुणा कळतात. पण आमच्या डोक्यावर चार दिवसांत एकूण किती पडला, हा आकडा सांगणारं यंत्र वर कुठेच नाही.

यंत्र आहे, पण खाली. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळागणिक, म्हणजे काही गावांच्या गटाला एक असं, स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं, हे चांगलंच झालं. सपाट मुलखात एका मंडळाला एक केंद्र कदाचित पुरेल. घाटमाथ्याला नाही पुरत. आमचं केंद्र आहे रस्त्यालगत, मोटारसायकल थेट जाते अशा जागी. भोवतीच्या जाळीवर श्रावणात दोडक्याचा वेल चढतो आणि पाऊस मोजायच्या नरसाळ्यात पालापाचोळा बसतो. तरी यंत्राला दोष देत नाही. ते स्वच्छ ठेवलं तरी मोजणार रस्त्यावरचा पाऊस.

आता नुकसानभरपाईच्या निकषाकडे येऊ. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी. एका वर्षी वरून आलेल्या लोंढ्याने माझ्या खाचरांचे बांध फुटले, रोपं दगडगोट्यांखाली गेली. मंडळाच्या यंत्रावर त्या दिवशी 65 भरले नव्हते. पंचनाम्याला माणसं आली, त्यांनी दगड डोळ्यांनी पाहिले, हळहळलेही. पण कागदावर अतिवृष्टी नव्हती आणि पुढचे सहा महिने कचेरीत मला हेच ऐकावं लागलं. 65 चा आकडा दहिवडीला जे सांगतो ते नवजाला सांगत नाही. नवजाला एवढा पाऊस ही आषाढातली रोजची गोष्ट आहे. दहिवडीला तेवढ्यात ओढे गावात येतात. दोन्हीकडे एकच माप लावणं म्हणजे धनगराला आणि कोळ्याला एकाच मापाचा रेनकोट वाटणं.

दहिवडीच्या निमित्ताने माणदेशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा मुलूख, हा कायमचा दुष्काळीच, अशी मंत्रालयात समजूत दिसते. सह्याद्री अडवतो पश्चिमेच्या ढगांना. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो पश्चिमेला सरकत आला, तर त्याला अडवायला मध्ये सह्याद्रीसारखी सलग भिंत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीने सोलापूर जिल्ह्यात माढा-मोहोळकडे जो हाहाकार केला, तो याच उघड्या दारातून. गारपिटीचंही तसंच. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट मराठवाडा-विदर्भ विसरलेला नाही. उत्तरेकडून आलेली थंड, कोरडी हवा आणि दोन्ही समुद्रांवरून आलेली दमट हवा या पठारावर भिडतात. मापदंड बदलायचा तर तिकडेही बदलावा लागेल, पण त्यावर तिकडच्या माणसांनी लिहावं.

हवामान खात्याने आपल्यापरीने सुधारणा केली आहे. आता इशारा देताना ते ‘सातारा घाट’, ‘पुणे घाट’, ‘कोल्हापूर घाट’ असं वेगळं सांगतात. पण तो मोबाइलवर पोहोचेतो पुन्हा जिल्ह्याचा होतो. ऑरेंज अलर्ट म्हणून फलटणची शाळा कोरड्या उन्हात बंद, आणि आमच्याकडे वर्षातून इतक्या वेळा तोच रंग येतो की कुणी घर सोडत नाही. नदीचा हिशोब तर जिल्ह्याने होतच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. त्यातलं पुष्कळ पाणी कोयनेच्या खोऱ्यातलं, सांगलीकरांच्या डोक्यावर पडलेलं नव्हे.

तेव्हा मागणी अशी. घाटमाथ्यावरच्या तालुक्यांत मंडळाच्या केंद्राशिवाय प्रत्येक खोऱ्यात एक पर्जन्यमापक सड्यावर आणि एक उतारावरच्या वस्तीलगत बसवा. जागा भूवैज्ञानिकांना ठरवू द्या. वर रस्ता नाही, वीज नाही ही सबब ऐकू नका. आमच्याच तालुक्यात वनकुसवड्याच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यांची अवजड पाती ट्रेलरवरून घाटातूनच वर गेली. वाऱ्याचा हिशोब ठेवणाऱ्यांना जे जमलं ते पावसाचा हिशोब ठेवणाऱ्यांना जमेल. इशारा खोऱ्याच्या नावाने द्या : मोरणा, केरा, कांदाटी. त्यात सलग तीन दिवसांच्या बेरजेचा आकडा असू द्या, आणि तो कितीवर गेला की कुठल्या वाडीने कुठल्या शाळेत जायचं हे आधी ठरलेलं असू द्या. नुकसानीच्या पंचनाम्यात खालच्या यंत्राचा आकडा आणि वरचं नुकसान जुळत नसेल, तर नुकसान खरं धरा.

दरवर्षी मे महिन्यात आपण मान्सूनपूर्व आढावा बैठक घेता. बोटी, जेसीबी, धान्य यांची यादी तिथे वाचली जाते. येत्या बैठकीत प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यांना एकच जादा प्रश्न विचारा : तुमच्या जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांपैकी किती गावांच्या वरच्या अंगाला पर्जन्यमापक आहे? उत्तर जे येईल ते जाहीर करा.

आपला,
मोरणा खोऱ्यातील एक शेतकरी
ता. पाटण, जि. सातारा