अठरा ते तीस: आमचा बीपी कोण मोजणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी २६ वर्षांचा. गाव माण तालुक्यात, मुक्काम पुण्यात सदाशिव पेठेत, धंदा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. मागच्या गणेशोत्सवात मंडळाच्या रक्तदान शिबिरात रांगेला लागलो. खरं सांगायचं तर दात्यांना हेल्मेट देणार होते म्हणून. बीपी निघाला १६०/१००. डॉक्टर मॅडमनी दहा मिनिटं बसवून परत मोजला, तेवढाच. "रक्त राहू दे, आधी स्वतःचं बघ," म्हणाल्या. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. हेल्मेटही गेलं.

दिवाळीत गावी आईबरोबर आरोग्य केंद्रात गेलो. ती तिथूनच बीपीच्या गोळ्या घेते. उच्च रक्तदाबाचा सरकारी प्रकल्प राज्यात आधी आला तो सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा आणि आमच्या साताऱ्यात, त्यामुळे आईचं कार्ड, महिन्याच्या गोळ्या, सगळं चोख. माझा विषय निघाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तीस पूर्ण झाली का? तपासणी तिशीच्या पुढच्यांची असते." तरी बिचाऱ्यांनी पट्टा बांधला. आकडा कुठे नोंदवायचा, हे मात्र त्यांनाही उमगेना.

दोष त्यांचा नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात. बीपी, शुगर आणि कर्करोगाची घरोघरची तपासणी सुरू होते ३० नंतर. मधली बारा वर्षं आम्ही कोणाचेच नाही. आणि घर सुटतं, मेसचा डबा लागतो, पापड-लोणच्यावर जेवण ढकललं जातं, रात्री दोनला झोप आणि टपरीवर पहिली पुडी हातात येते, ती याच वर्षांत. या वयात आम्हाला तपासतं कोण? रक्तपेढी, पोलीस भरती आणि विमा कंपनी. मुलींना तर बाळंतपणाचीच वाट बघावी लागते. त्या रक्तदान शिबिरातून आमच्या अभ्यासिकेतल्या तिघी हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत आल्या आणि "आम्हाला नेहमीच थकवा असतो" म्हणत हसल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता.

आपल्या खात्याला हे ठाऊक नाही असं नाही. २०२२ मध्ये 'माता सुरक्षित, तर घर सुरक्षित' अभियानात अठराच्या पुढच्या महिलांची तपासणी झाली, पुढच्या वर्षी पुरुषांचीही मोहीम निघाली. पण मोहीम उठते आणि मागे फ्लेक्स राहतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यात उपचार मोफत आहेत. पण उपचार घ्यायला आधी आजार कळायला हवा ना?

पुण्यात परतल्यावर खाजगी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, पंचविशीत एवढा बीपी असेल तर नुसती गोळी देऊन भागत नाही, मूळ शोधावं लागतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी यात दोन महिन्यांच्या मेसचे पैसे गेले. लघवीतून प्रथिनं जातायत, म्हणजे किडनी बिघडलीय. किडनीचं दुखणं किती जुनं, हे आता कळायला मार्ग नाही, कारण दहावीनंतर माझा बीपी कोणी मोजलाच नव्हता.

म्हणून मागणी एवढीच: वयाची अट तीसवरून अठरावर आणा. यंत्र तेच, सिस्टर त्याच, नोंदीचा रकाना तेवढा उघडा. आणि आम्ही दवाखान्याची पायरी आपणहून चढणार नाही, हेही धरून चाला. तुमची माणसं कॉलेजात, आयटीआयमध्ये, अभ्यासिकेत पाठवा.

आमच्या अभ्यासिकेत दोनशे जण बसतात. संध्याकाळी सातला सगळे चहाला खाली उतरतात. एक सिस्टर, बीपीचं यंत्र, वजनकाटा आणि हिमोग्लोबिन तपासायची सोय एवढं पाठवा. टेबल-खुर्च्या आम्ही मांडून ठेवतो.

आपला,
सदाशिव पेठेतला एक परीक्षार्थी