अरिमथाईकर योसेफाने मागून घेतलेला देह

प्रिय लेकीस,

पप्पांचा सलाम व अनेक आशीर्वाद.

वॉर्डात पहिल्यांदाच एका रुग्णाचा देह पुसून, डोळे मिटवून, हनुवटीला पट्टी बांधून, चादरीत नीट गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली करण्याचे काम तुझ्या वाट्याला आले, आणि त्यानंतर तू मला विचारलेस की, जो आता ऐकत नाही, ज्याला काही दुखत नाही, त्याच्यासाठी इतकी काळजी घेण्यात नेमके काय असते. फोनवर दोन वाक्यांत सांगून संपण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. उत्तम शुक्रवारही (गुड फ्रायडे) जवळ आला आहे आणि या दिवसांत माझे मन शुभवर्तमानातल्या एकाच प्रसंगाभोवती, प्रभू येशूच्या दफनाभोवती, फिरत असते. तुझ्या प्रश्नाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर संदेश होतात, गीते होतात, आशीर्वाद होतो आणि आपण घरी जातो. त्यानंतर पुन्हा एकत्र येतो ते पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेसाठी. मधल्या दफनाविषयी वेदीवरून क्वचितच कोणी बोलते, ही मला मोठी उणीव वाटते. गोव्यातल्या कॅथलिक बांधवांकडे त्या दिवशी ख्रिस्ताची मूर्ती वधस्तंभावरून उतरवून तिची मिरवणूक काढतात. आपल्या परंपरेत तसे काही नाही. मात्र विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणताना आपणही ‘मरण पावला, पुरला गेला’ हे शब्द उच्चारतोच. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते प्रभूच्या मरणानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, आणि त्याच्या पंधराव्या अध्यायात तो स्वतःला आधीच्यांकडून मिळालेले शिक्षण थोडक्यात सांगतो : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, तो पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि लोकांना दिसला. इतक्या त्रोटक मजकुरातही दफनाला जागा आहे. प्रभूच्या जन्माची हकिगत दोनच शुभवर्तमानांत आहे, प्रभूची प्रार्थनाही दोनच ठिकाणी आहे. पण अरिमथाईकर योसेफाचे नाव आणि त्याने केलेले दफन येशूचे चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्या मत्तय, मार्क, लूक व योहान या चौघांनीही नोंदवले आहे. चारही लेखकांना जे गाळता आले नाही, त्यावर घाईने पुढे जाणे मला पटत नाही.

हे दफन आपोआप झाले नाही, हे आधी लक्षात घे. वधस्तंभाच्या शिक्षेत मरण हा एक भाग होता आणि मरणानंतरची विटंबना हा दुसरा. रोमी अंमलात अनेकदा प्रेते तशीच टांगलेली राहत आणि पक्षी व कुत्री त्यांचा निकाल लावत. येणाऱ्या-जाणाऱ्याने ते पाहून धडा घ्यावा, हाच हेतू असे. यहूदी धर्मशास्त्राचा दंडक याच्या नेमका उलट होता. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात म्हटले आहे की, झाडावर टांगलेल्या अपराध्याचे प्रेत रात्रभर तसे ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसीफसही लिहितो की, वधस्तंभाची शिक्षा झालेल्यांनाही यहूदी लोक सूर्यास्तापूर्वी खाली उतरवून पुरत असत. याचा पुरावा जमिनीतूनही मिळाला आहे. १९६८ मध्ये यरुशलेमेच्या ईशान्येला गिव्हात हामिवतार येथे एका गुहेतल्या कबरीत दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यावर येहोहानान असे नाव कोरलेले होते आणि आतल्या टाचेच्या हाडात साडेअकरा सेंटिमीटरांचा लोखंडी खिळा अजून रुतलेला होता. खिळ्याचे टोक वाकलेले असल्यामुळे तो काढता आला नसावा. त्या तरुणाला रोमी सत्तेने खिळून मारले होते, तरी घरच्यांनी त्याचा देह मिळवला, कबरीत ठेवला आणि मांस गळून गेल्यावर अस्थी गोळा करून पेटीत ठेवल्या. एवढे सगळे त्यांनी केले ते कशासाठी, हा तुझाच प्रश्न त्यांनाही विचारता येईल.

आता योसेफाकडे ये. मार्क सांगतो की, तो यहूद्यांच्या वरिष्ठ न्यायसभेचा प्रतिष्ठित सभासद होता आणि देवाच्या राज्याची वाट पाहत होता. ज्या सभेने येशूला दोषी ठरवले, तिच्याच बैठकीत बसणारा हा माणूस. लूक आवर्जून नोंदवतो की, त्याने त्या निर्णयाला संमती दिली नव्हती. योहान म्हणतो की, तो शिष्य होता खरा, पण भीतीमुळे गुप्तपणे. असा माणूस रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन राजद्रोहाच्या आरोपाखाली मारल्या गेलेल्या माणसाचे प्रेत मागतो, आणि मार्क त्याच्या या जाण्याला धैर्य म्हणतो. ते धैर्यच होते, कारण अशा माणसाचे प्रेत मागणे म्हणजे त्याच्याशी आपले नाते आहे असे अधिकाऱ्यासमोर कबूल करणे. येशू जिवंत असताना जो उघडपणे पुढे आला नाही, तो योसेफ येशू मेल्यावर पुढे आला. यावरून काही उपदेशक त्याला नावे ठेवतात, ते मला मान्य नाही. जिवंत गुरूच्या मागे जाण्यात निदान आशा असते; इथे मिळण्यासारखे काहीच उरले नव्हते, गमावण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

वेळही हाताशी नव्हती. शुभवर्तमानांप्रमाणे प्रभूने प्राण सोडला तो नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास. बहुतेक अभ्यासक ते वर्ष इ. स. ३० किंवा ३३ मानतात. वल्हांडणाच्या, म्हणजे यहूद्यांच्या वसंतातल्या मोठ्या सणाच्या, त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि सूर्यास्ताबरोबर शब्बाथ, म्हणजे कामबंदीचा विसाव्याचा दिवस, सुरू होतो. तीन तासांत पिलाताची भेट मिळवायची होती. पिलाताला आश्चर्य वाटले, कारण खिळलेली माणसे एवढ्या लवकर मरत नसत, म्हणून त्याने शताधिपतीला, म्हणजे रोमी सैनिकांच्या अधिकाऱ्याला, बोलावून खात्री करून घेतली. मग तागाचे वस्त्र विकत आणायचे, देह उतरवायचा, वाहून न्यायचा, गुंडाळायचा आणि खडकात खोदलेल्या कबरीच्या तोंडाशी धोंड लोटायची. मार्काने ही सगळी क्रियापदे एकामागून एक अशी ठेवली आहेत की, वाचतानाही त्या माणसाची धावपळ जाणवते. तू हे काम केले आहेस, म्हणून माझ्यापेक्षा तुलाच अधिक कळेल की, प्रेत उतरवणे म्हणजे काय असते : त्याचा सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर येतो, मान सावरावी लागते, हात धरून ठेवावे लागतात, आणि इथे तर हातापायांतून खिळे काढायचे होते.

योहान सांगतो की, या कामात निकदेम त्याच्याबरोबर होता. पूर्वी रात्री येशूकडे आलेला हाच तो निकदेम. आता तो गंधरस व अगरू यांचे रोमी मापाने सुमारे शंभर रत्तल, म्हणजे आजच्या हिशेबाने बत्तीस-तेहतीस किलो मिश्रण घेऊन आला. राजाच्या दफनाला शोभेल एवढे ते परिमाण आहे. त्याच योहानाच्या अठराव्या अध्यायात एक गोष्ट आहे, ती याच्या शेजारी ठेवून वाच. येशूला पिलाताच्या वाड्याकडे आणणारे लोक आत गेले नाहीत, कारण विटाळ झाला असता तर त्यांना वल्हांडणाचे भोजन करता आले नसते. गणना पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाप्रमाणे तर प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध राही. मग योसेफ आणि निकदेम यांचे काय? शुभवर्तमान त्याविषयी काही म्हणत नाही, पण योहानाने दिलेला दिवस, म्हणजे वल्हांडणाच्या भोजनाआधीचा, धरला तर त्या दोघांनी त्या वर्षीचा सण आपल्या हाताने सोडून दिला, असे मला दिसते. नियमांना तुच्छ लेखून त्यांनी हे केले नाही, कारण मृताला त्याच दिवशी मूठमाती द्यावी हाही नियमच होता आणि प्रेतामुळे अशुद्ध झालेल्यांना एक महिन्यानंतर वल्हांडण पाळण्याची मुभा त्याच गणना पुस्तकात आहे. दोन कर्तव्ये समोरासमोर आली तेव्हा त्यांनी कोणते निवडले, एवढेच मला सांगायचे आहे.

बारा शिष्य कोठे होते, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्काच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाल्यावर त्याचे शिष्य येऊन त्याचे प्रेत घेऊन जातात व कबरीत ठेवतात. तोच मार्क येशूच्या दफनाच्या वेळी बारांपैकी एकाचेही नाव घेत नाही. ते आदल्या रात्रीच पळून गेले होते. मार्काने हे दोन प्रसंग लिहिताना तुलना मनात ठेवली होती असे मी ठामपणे म्हणतो, कारण एरवी हात आखडून लिहिणारा हा लेखक योहानाच्या शिष्यांचे ते एक वाक्य विनाकारण लिहिणार नाही. गुरूच्या प्रेताचे जे काम शिष्यांचे होते, ते न्यायसभेच्या एका सभासदाने केले.

तेथे स्त्रिया मात्र होत्या. मरीया मग्दालीया आणि दुसरी मरीया त्याला कोठे ठेवले ते पाहत होत्या. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे त्या कबरीसमोर बसून राहिल्या. लूक सांगतो की, त्यांनी परत जाऊन सुगंधी द्रव्ये व तेले तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी विसावा घेतला. आता निकदेमाने एवढे मिश्रण आधीच आणले होते, तर या स्त्रियांना आणखी द्रव्ये कशाला हवी होती, असे तू विचारशील. चौघांच्या हकिगती इथे शिवून एक करता येत नाहीत, आणि तसा खटाटोप मी करतही नाही. मला त्यांत एवढेच स्पष्ट दिसते की, ज्याला जे जमले ते त्याने केले आणि प्रत्येकाला आपले काम अपुरे वाटले. त्याआधी बेथानी गावात एका स्त्रीने शुद्ध जटामांसीच्या मोलवान तेलाची कुपी फोडून ते त्याच्या मस्तकावर ओतले, तेव्हा लोक ‘ही नासाडी कशाला’ म्हणून कुरकुरले होते, आणि प्रभू म्हणाला होता की, तिने माझ्या देहाला दफनासाठी आधीच तेल लावले आहे. जिवंतपणी एवढी एकच सेवा त्याच्या मरणासाठी झाली आणि तिला त्याने सत्कर्म म्हटले.

ती जागा नेमकी कोणती, हे तू लहानपणी विचारायचीस. यरुशलेमेतल्या पवित्र कबरीच्या मंदिराचा दावा मला सर्वांत भक्कम वाटतो. ती जागा जुनी दगडाची खाण होती, प्रभूच्या काळी शहराच्या तटाबाहेर होती, आणि त्याच इमारतीच्या आवारात पहिल्या शतकातल्या धाटणीच्या खडकातल्या कबरी आजही दिसतात. सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधलेले पहिले मंदिर ३३५ मध्ये समर्पित झाले, १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकुमाने ते पाडले गेले, पुढे पुन्हा उभे राहिले. २०१६ मध्ये अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाच्या तज्ज्ञांनी दुरुस्तीसाठी वरची संगमरवरी लादी सरकवली, तेव्हा खाली आणखी एक तुटलेली लादी आणि तिच्याखाली चुनखडीच्या खडकात कोरलेला ओटा दिसला. लादीखालच्या चुन्याचे वय चौथ्या शतकाच्या मध्याचे निघाले. यावरून तेथे येशूच निजवला गेला हे सिद्ध होत नाही. पण सोळाशेहून अधिक वर्षे माणसे त्या ओट्याची निगा राखत आली आहेत.

तर तुझ्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर असे आहे. योसेफाला, निकदेमाला, त्या दोघी मरीयांना पुनरुत्थान होईल असे वाटत नव्हते. वाटत असते तर स्त्रियांनी द्रव्ये तयार केलीच नसती आणि योसेफाने एवढी मोठी धोंड लोटली नसती. त्यांच्या दृष्टीने सारे संपले होते. ज्याच्याकडून आता आशीर्वाद, शिकवण, कृतज्ञतेचा एक शब्दही मिळणार नव्हता, त्या देहाला त्यांनी सांभाळले, कारण ते त्याचे शरीर होते. देवाचा पुत्र त्या संध्याकाळी स्वतःसाठी बोटही हलवू शकत नव्हता, त्याला दुसऱ्यांनी उतरवावे, झाकावे, उचलून न्यावे लागले, आणि आपण ज्याला तारण म्हणतो त्याच्या हकिगतीत हे परावलंबन लिहिलेले आहे, यावर माझा मनापासून विश्वास आहे. तू त्या रुग्णाची हनुवटी बांधलीस, तेव्हा तू योसेफाच्याच कामावर होतीस. तुझ्या वरिष्ठांनी त्याला वॉर्डाच्या कामाच्या यादीतली एक बाब म्हटले तरी तू तसे समजू नकोस.

या आठवड्यात ड्यूटीतून सवड काढून मार्काचा पंधरावा अध्याय बेचाळिसाव्या वचनापासून आणि योहानाचा एकोणिसावा अध्याय एकतिसाव्या वचनापासून सलग वाच. मत्तयाने कबरीवरील पहाऱ्याची व शिक्कामोर्तबाची जी हकिगत सांगितली आहे, तिच्याविषयी तुझे काय म्हणणे आहे ते कळव. माझ्या मनात तिच्याबद्दल बरेच आहे, पण आधी तुझे वाचायचे आहे. मम्मीने तुझ्यासाठी लोणचे भरून ठेवले आहे, मंडळीतले कोणी तिकडे येणार असेल त्यांच्याबरोबर पाठवतो.

प्रभू तुला सांभाळो.

तुझे पप्पा