पोटाशी धरलेल्या त्या बॅटरीसाठी

आदरणीय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पत्र मराठीत लिहितेय. इंग्रजीत चार वेळा 'थँक यू' म्हणून झालं, पण मनातलं मनातच राहिलं. शिवाय साताऱ्याला आमच्या घरी अजून विचारतात, "तिकडे माणसं राहतात का गं?" आपल्याकडे आर्क्टिक म्हटलं की २००८ साली सुरू झालेलं भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आठवतं. ते नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि तिथे मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. तुमचं उत्कियागविक मात्र अलास्काच्या अगदी उत्तरेला, जेमतेम पाच हजार वस्तीचं, इन्यूपियाट लोकांचं नांदतं गाव आहे. हे आमच्या माणसांना कळावं, म्हणूनही हे पत्र.

पहिल्या वर्षी समुद्रावरचा बर्फ मोजायला मी ज्या संशोधकांसोबत आले, त्यांनी गावात कुणाची भेटही घेतली नाही. सोबत दिलेला स्थानिक माणूस म्हणजे अस्वल आलं तर बंदूक धरणारा, एवढीच त्यांची समजूत. यंत्र भाड्याने देणाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, उणे तीसलाही बिनधास्त चालेल. दुसऱ्याच दिवशी बॅटरीने मान टाकली. फोन केला तर म्हणाले, मॅन्युअल वाचा. अर्ध्या नोंदी घेऊन परत गेलो, आणि आठ दिवस आमच्यासोबत थंडीत उभ्या राहिलेल्या त्या माणसाला आमच्या कामाचं काय झालं, हे कुणी साध्या दोन ओळींनीही कळवलं नाही. मीसुद्धा नाही. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या वर्षी तुम्ही भेटलात. वसंतात तुमच्या गावचे शिकारी देवमाशांसाठी किनाऱ्याला धरून असलेल्या बर्फावरून खुल्या पाण्यापर्यंत वाटा काढतात. बर्फाचे उंचवटे कुदळींनी फोडत, उमियाक होड्या ओढत नेतात. त्या वाटांवर बर्फ किती जाड आहे, हे स्लेजवरच्या यंत्राने मोजायचं आणि नकाशा गावाला द्यायचा, एवढंच माझं काम. तिसऱ्या सकाळी मी स्लेजवर यंत्र बांधत होते. तुम्ही हात पुढे केलात. मला वाटलं, दोरी हवी असेल. तुम्ही माझ्या जादा बॅटऱ्या उचलल्यात, अंगातल्या जाड कोटाची, पार्काची चेन उघडलीत आणि त्या शर्टाच्या आत, थेट पोटाशी ठेवल्यात. बोलला काहीच नाहीत. दिवसभर तेच चाललं. यंत्र मंदावलं की आतली उबदार बॅटरी बाहेर आणि बर्फासारखी गार पडलेली आत. ती पोटाला लागली की क्षणभर तुमचे डोळे मिटायचे. मी ते पाहिलं, काका. सहा तास झाले, तरी एकदाही तक्रार केली नाहीत. त्या दिवशीच्या माझ्या नोंदींत एकही खाडा नाही.

माझं मोजमाप माझं एकटीचं नाही, ते आपलं आहे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वाटू दिलं.

आणि त्याच संध्याकाळी तुम्ही मला परत फिरवलंत. यंत्र जवळपास दीड मीटर जाडी दाखवत होतं, मी खुशीत होते. तुम्ही ढगांच्या पोटाखालची काळसर पट्टी दाखवलीत. खाली खुलं पाणी असलं की ढग तिथे असे काळवंडतात. जाडी चांगली आहे, पण समुद्राच्या तळाला टेकलेले बर्फाचे ढीग या भागात नाहीत, मग हा बर्फ धरून कोण ठेवणार, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न माझ्या यंत्राला कधी पडलाच नसता. १९९७ च्या मे महिन्यात बर्फाचा मोठा तुकडा सुटून शंभराहून जास्त माणसं समुद्रात वाहून चालली होती, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं, हे तुम्ही परतताना सांगितलंत.

तुमच्या लोकांचं ऐकलं नाही की काय होतं, हे जगाने १९७७ मध्ये पाहिलं आहे. बोहेड देवमासे फार थोडे उरलेत, असं म्हणून देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तुमची शिकारच बंद केली. तुमचे वडीलधारे सांगत राहिले, देवमासे बर्फाखालून जातात, किनाऱ्यापासून लांबूनही जातात, नुसतं काठावर उभं राहून मोजू नका. मग पाण्यात ध्वनिग्राहक सोडले, तेव्हा ते खरं ठरलं. २०११ च्या मोजणीत आकडा १६ हजारांच्या पुढे गेला. आणि शिकारबंदीचा तो अनुभव घेऊनही १९९२ मध्ये गावातल्या इन्यूपियाट लोकांच्याच कंपनीने सुमारे साडेसात हजार एकर जमीन संशोधनासाठी राखून ठेवली! ज्यांनी खोटं ठरवलं, त्यांच्याच जातकुळीतल्यांना पुन्हा अंगणात घ्यायचं, याला मोठं मन लागतं. चांगुलपणा म्हणतात तो हाच असावा. तो गाजावाजा करत नाही, समोरच्याला काय कमी पडतंय ते आधी पाहतो.

नकाशा पाठवलाय, पोचला असेल. ती वाट जिथे सोडली, तिथे तुम्ही सांगितलेली खूण केली आहे.

एप्रिलमध्ये येतेय. बॅटरीची गोष्ट आईला सांगितली, तर तिने जुन्या गोधडीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, गळ्यात अडकवून पार्काच्या आत ठेवता येतील अशा. दोन शिवल्या आहेत. मोठी तुमची.

कुयानाकपाक, काका. खूप खूप आभार.

तुमची,
साताऱ्याची मुलगी