ती वही हिशेबाची होती!

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतली जुन्या नटीवरची कथा वाचली. रात्र कशीबशी काढली, आता राहवत नाही म्हणून लिहिते आहे. कथेखाली आपण नेमानं ‘सर्व पात्रे काल्पनिक’ असं छापलंय. छान! काळ तोच, तमाशापट तेच, बाईंची बोलायची ढबसुद्धा तीच. नाव तेवढं बदललं की झाली काल्पनिक. माझ्या वयाच्या वाचकांनी दुसऱ्याच परिच्छेदात ओळखलं असेल. लेखकानं नाव घेतलं नाही, मीही घेत नाही.

माझं भांडण आहे ते वहीवरून. कथेतली नायिका दोन शॉटच्या मधे कोपऱ्यात बसून वहीत काहीबाही लिहिते, कुणी आलं की वही पदराखाली लपवते. शेवटी कळतं, ती म्हणे दिग्दर्शकाला लिहिलेली, कधीच न पाठवलेली प्रेमपत्रं! ही वही लेखक महाशयांना सापडली कुठे, तर आमच्या घरी. माझी आत्या तरुणपणी कपडेपटात कामाला होती. गेल्या वर्षी हे गृहस्थ तीन दुपारी ‘आत्या, आत्या’ करत तिच्यासमोर ठाण मांडून होते. वही खरीच होती. तांबड्या पुठ्ठ्याची, दोऱ्यानं बोटभर पेन्सिल बांधलेली. पण तिच्यात काय असायचं, तेही आत्यानं सांगितलं होतं. मी शेजारीच बसले होते. आज सेटवर किती वाजता बोलावलं, किती वाजता सोडलं, आधीच्या चित्रपटाचे किती पैसे यायचेत. निर्मात्याचा माणूस दिसला की वही पदराखाली. कपडेपटातल्या मुलींनाही बाई हळूच विचारायच्या, ‘तुझे मिळाले का गं?’

आता यात गोष्ट नव्हती?

कल्पनेला माझी ना नाही, कादंबऱ्या वाचतच म्हातारी झाले. पण नटी म्हटली की आमच्या लेखकांना आरसा आणि ग्लास यापलीकडे काही सुचूच नये? नटी शांता आपटे 1939 साली प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, त्या काही प्रेमभंगानं नव्हे. कराराचं भांडण होतं. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ असं पुस्तक लिहून त्यांनी या धंद्याची लक्तरं बाहेर काढली. लिहा की त्यावर! नटी हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावरून 1977 मध्ये ‘भूमिका’ चित्रपट निघाला, त्यातही हंसाची उषा झालीच. पण बाईंनी आधी स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावानं सगळं सांगून ठेवलं होतं. ज्याला हवं त्यानं ताडून पाहावं. आत्याच्या बाईंनी एक ओळ मागे ठेवलेली नाही. त्यांची म्हणून आता ही कथाच उरायची. काल संध्याकाळी माझ्या भाचीनं विचारलंच, ‘मावशी, ती पत्रं आता कुठे ठेवलीयत गं?’

आत्याला कथा वाचून दाखवली. प्रेमपत्रांपाशी तिनं मला थांबवलं. म्हणाली, ‘अगं, बाईंना फुरसत कुठे होती?’ पुढचं तिला ऐकायचंच नव्हतं.

जाता जाता, मागच्या खेपेला माझं पत्र निम्मं कापून उरलेल्याखाली दुसऱ्याच कुणाचं नाव छापलं होतंत. तेही काल्पनिक पात्रच समजायचं का?

बाकी काय कापायचं ते कापा, एवढं मात्र ठेवा. लेखक महाशयांनी आत्याच्या अल्बममधला बाईंबरोबरचा फोटो ‘आठ दिवसांत आणून देतो’ म्हणून नेलाय, त्याला वर्ष होत आलं. पानावर चार कोपऱ्यांचे काळे चिमटे तेवढे राहिलेत. फोटो टपालानं पाठवला तरी चालेल.

आपली,
एक जुनी वाचक