कॉफी महाग की केळी स्वस्त?

महोदय,
जळगावात माझं छोटं कॉफीचं दुकान आहे. कुठल्या साखळीतलं नाही, स्वतःचं. ‘एवढ्या पैशात टपरीवर चार चहा होतात,’ असं गिऱ्हाईक ऐकवतं. होतात ना! पण माझ्याकडच्या बिया आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या, आणि त्यांना भाव पाडून मागायचा नाही हे मी ठरवलंय. जगात ‘फेअरट्रेड’ची, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देण्याच्या व्यवस्थेची, रीतही अशीच आहे. २०२३ पासून धुतलेल्या (पाण्याने गर काढलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीला पौंडामागे किमान १.८० डॉलर, वर २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला. बाजार चढला तर चढा भाव द्यायचा, कोसळला तरी किमान भाव सुटत नाही.

रावेर-यावलच्या केळी पिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बऱ्हाणपूरचा केळीचा भाव जाहीर होतो एक आणि बांधावर व्यापारी देतो दुसराच. गंमत म्हणजे माझ्याशी घासाघीस करणाऱ्यांत केळीवाल्यांचीच पोरं जास्त!

आपल्या बाजारभावाच्या रकान्यात जाहीर भावाशेजारी शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष पडलेला भावही छापाल का? दोन-चार गावांचा मिळाला तरी चालेल.

– एक कॉफी दुकानदार, जळगाव