डी मॉइनच्या काकूंना

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा टाकायला उठता, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

भर जानेवारीत मी अमेरिकेतल्या आयोवात आले, तेव्हा या राज्याचं मला दोनच गोष्टींपुरतं ज्ञान होतं: मका आणि बर्फ. राजधानीला मी 'देस मॉइन्स' म्हणायचे. 'डी मॉइन म्हणायचं गं, दोन्ही स खाऊन टाकायचे,' एवढंच म्हणालात आणि शनिवारी सकाळी गाडी घेऊन दारात हजर. मग उन्हाळ्यापर्यंत एकही शनिवार चुकला नाही.

पहिल्यांदा कॅपिटॉल, म्हणजे इथलं विधान भवन दाखवलंत. पाच घुमट, मधल्यावर 23 कॅरेट सोन्याचा वर्ख. बांधकाम 1871 ते 1886. मला मात्र आठवतं ते आतलं कायद्याचं ग्रंथालय. तिथल्या नक्षीदार लोखंडी गोल जिन्यापाशी उभं राहून तुम्ही हळू आवाजात सुझन क्लार्कची गोष्ट सांगितलीत. मस्कटीनची ही कृष्णवर्णीय मुलगी. गोऱ्या मुलांच्या शाळेत तिला घेईनात. वडिलांनी खटला भरला आणि 1868 मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. साऱ्या देशासाठी तसा निकाल यायला 1954 साल उजाडलं.

नदीकाठी 1993 च्या महापुराचं सांगितलंत. जलशुद्धीकरण केंद्रच बुडालं, अडीच लाख माणसांचे नळ अकरा-बारा दिवस कोरडे. 'जालन्यात दुष्काळाचा टँकर पाहिला होता, इथं महापुराचा पाहिला,' म्हणालात. मीही जालन्याचीच. कळशी घेऊन रांगेत उभी असलेली आई मला तिथं, त्या परक्या नदीवर दिसली.

आणि मग ती जुन्या ग्रंथालयाची इमारत, जिथे आता जागतिक अन्न पुरस्काराचं दालन आहे. तिथे कार्व्हरांचा विषय निघाला. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कोणा मराठी वाचकाला माहीत नाहीत? पण ते इथून पाऊण तासावर, एम्सच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि तिथेच शिकवूही लागले, हे माझ्या ध्यानात नव्हतं. तिथल्या एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला ते रानात नेऊन झाडंझुडपं ओळखायला शिकवत. तो मुलगा म्हणजे हेन्री वॉलेस. त्याने 1926 मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, पुढे तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. मेक्सिकोतल्या ज्या शेती संशोधनाला त्याने चालना दिली, त्यातच क्रेस्कोजवळच्या शेतात वाढलेले नॉर्मन बोरलॉग गव्हावर राबले. त्यांचा बुटका, भरघोस पिकणारा गहू साठच्या दशकात भारतात आला. बोरलॉग यांनीच सुरू केलेला हा पुरस्कार; 1987 चा पहिला मान आपल्या कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांचा.

तुम्ही मला 1998 च्या मानकऱ्यांच्या नावापाशी थांबवलंत. बद्रीनारायण बारवाले. आमच्या जालन्याचे बियाणेवाले! माझ्या बाबांनी आयुष्यभर त्यांच्याच कंपनीचं बियाणं पेरलं. मला रडू आलं, तुम्ही पर्समधून रुमाल काढून दिलात आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात.

काकू, त्या दिवसापासून मी घरी फोनवर 'इकडे' म्हणत नाही, 'आमच्या आयोवात' म्हणते. हे तुमच्यामुळे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही गाडी चालवत नाही. ऑगस्टमध्ये स्टेट फेअर, म्हणजे राज्याची जत्रा आहे, तिथली लोण्यात घडवलेली गाय बघायची आहे. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन दारात येते. तयार राहा.

तुमची,
जालन्याची लेक